बेवारस चित्रफितींचे वारस

ज्या संस्थेने एखादी कृती निर्माण केली तीच संस्था तिची स्वाभाविक रक्षक असणार, असा जो आपला सर्वसाधारण समज असतो, तो दूरचित्रवाणीच्या इतिहासाने जितक्या निर्दयपणे खोटा पाडला, तितका अन्य कोणत्याही कलेच्या इतिहासाने क्वचितच पाडला असेल. लंडनच्या बीबीसीने १९६३ साली सुरू केलेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकाल्पनिक मालिकेच्या त्या दशकातील मूळ चित्रफिती खुद्द बीबीसीनेच पुसून टाकल्या. फीत महाग होती, नटमंडळींशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणास मर्यादा होती, आणि रंगीत चित्र अवतरल्यावर कृष्णधवल माल कोण घेणार, असा रोकडा हिशेब त्यामागे होता. त्या हिशेबात भविष्यकाळाचा रकाना तेवढा नव्हता.

सप्टेंबर १९६७ मध्ये चार शनिवारी दाखविली गेलेली ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही कथा याच हिशेबाला बळी पडली. पुरातत्त्वज्ञांची एक तुकडी टेलोस नामक ग्रहावर उतरते, आणि धातूचे अवयव स्वीकारता स्वीकारता मानवी भावना गमावून बसलेल्या, बर्फात निद्रिस्त असलेल्या प्राण्यांचे थडगे उघडते, असे तिचे कथानक. चारही भाग कायमचे गेले असे सर्वांनी गृहीत धरल्यानंतर, १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगच्या एका दूरचित्रवाणी कंपनीकडून त्यांच्या प्रती परत आल्या आणि मे १९९२ मध्ये त्यांची कॅसेट घरोघर विक्रीस निघाली. पाव शतक आख्यायिकेच्या धुक्यातून पाहिलेली कृती प्रत्यक्षात पाहताना काहींचा विरस झाला, आणि तो अस्थानी नव्हता: झुंजीच्या दृश्यात तारा दिसतात, आणि टोबरमन या कृष्णवर्णीय पात्राला जवळजवळ मुक्या, बलदंड सेवकाच्या साच्यात ज्या तऱ्हेने कोंबले आहे ती आज सहन होत नाही. तरीही कृती मिळाली ती दोषांसकट मिळाली, हेच मला त्या प्रकाशनाचे खरे मोल वाटते. एखाद्या काळाची पारख करावयाची तर त्या काळाने आपण होऊन झाकलेले आणि उघडे ठेवलेले असे दोन्ही समोर असावे लागते.

पण हाँगकाँगला या प्रती मुळात आल्या कशा? कारण त्या विकल्या गेल्या होत्या. परदेशी विक्रीसाठी १६ मिलिमीटर फिल्मवर उतरविलेल्या प्रती देशोदेशी गेल्या, आणि करार संपल्यावर त्या परत कराव्यात, नष्ट कराव्यात किंवा पुढच्या देशाकडे धाडाव्यात हा नियम सर्वांनीच काटेकोरपणे पाळला नाही. नायजेरियातील जोस येथे, हरवलेल्या कार्यक्रमांचा माग काढणाऱ्या फिलिप मॉरिस यांना याच मालिकेचे जे ११ भाग मिळाल्याचे २०१३ साली जाहीर झाले, त्यांपैकी ९ तोवर बेपत्ता गणले जात होते. जे भाग आजतागायत सापडलेले नाहीत त्यांचा ध्वनी मात्र शाबूत आहे, कारण साठच्या दशकात काही हौशी प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो टिपून ठेवला होता. म्हणजे मालकाने पुसले, गिऱ्हाइकाने आणि प्रेक्षकाने राखले. घरगुती प्रकाशनाला आपण निव्वळ व्यापार समजतो. माझ्या मते तोच जतनाचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, कारण हजार घरांत विखुरलेली वस्तू एका हुकमाने नाहीशी होत नाही.

आता आपल्या घराकडे पाहावे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शन केंद्राने ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ असे कार्यक्रम मराठी माणसाला दिले. आणि त्याच महाग फितीच्या कारणास्तव तेथेही जुन्यावर नवे चित्रण होत गेले. चि. वि. जोशींच्या पात्रांना दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ज्या ‘चिमणराव’ मालिकेत देह दिला, तिचे मोजकेच भाग उरले आहेत. परदेशी गिऱ्हाईक या कार्यक्रमांना नव्हते. त्यामुळे त्यांचे हाँगकाँग किंवा जोस असलेच तर ते आपल्याच जिल्ह्यांत, आपल्याच माळ्यांवर असणार. ऐंशीच्या दशकात ज्या घरांत व्हीसीआर आला, त्या घरांनी रविवार सकाळचे ‘स्टार ट्रेक’ किंवा पुढे ‘इंद्रधनुष’ टिपले असेल, तर त्याच कॅसेटच्या शेपटाला एखादे मराठी नाटकही आले असण्याचा संभव आहे. सोलापूर जिल्ह्यातील आमच्या वळसंगात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली ज्या विहिरीचे पाणी प्राशन केले, तिची स्मृती कोणत्या सरकारी दफ्तराने नव्हे, वस्तीतील माणसांनी पिढ्यान् पिढ्या जपली. तेव्हा गावकऱ्याच्या जतनबुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही.

हक्कांचा मुद्दा काढला जाईल, आणि तो पोकळ नाही. १९५७ च्या कायद्यानुसार चित्रित कृतीवरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. १९७२ च्या कार्यक्रमावरील हक्क त्या हिशेबाने २०३२ च्या अखेरीस संपेल. परंतु चुंबकीय फीत कायद्याची मुदत पाळीत नाही, आणि चव्वेचाळीस अंशांच्या सोलापुरी उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तर नाहीच नाही. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज्’ हे ॲप सुरू केले ही स्वागतार्ह गोष्ट होय; मात्र ॲपवरील चित्र पाहावयास मिळते, मालकीचे होत नाही, आणि ज्या दिवशी ते काढून घेतले जाईल त्या दिवशी ते सर्वांच्याच घरातून एकदम जाईल. म्हणून उरलेले कार्यक्रम माफक किमतीत, जवळ बाळगता येतील अशा स्वरूपात विकावेत, आणि जिल्हा ग्रंथालयांत त्यांच्या प्रती विनामूल्य ठेवाव्यात.

त्याआधी एक बिनखर्चाचे काम आहे. मॉरिस जोसपर्यंत पोहोचले, कारण काय हरवले आहे याची यादी जाहीर होती. मुंबई केंद्रानेही आपल्या दफ्तराची फेरिस्त मराठीत, तारीखवार, ‘उपलब्ध नाही’ हा शेरा कोठेही न लपविता प्रसिद्ध करावी. कारण कोणता भाग नाही हे कळल्याखेरीज अक्कलकोट रस्त्यावरच्या कोणत्याही घरात कोणी शिडी लावून माळ्यावरची कॅसेट खाली काढणार नाही.