नदी सगळ्यांची, डोंगा मात्र बायांचा

२३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात, गणपूर (रै) गावाजवळ वैनगंगेत डोंगा उलटला. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया बुडून मेल्या. जानेवारी हा काही पुराचा महिना नव्हे. रोजच्यासारखाच कामाचा दिवस होता तो. अशा वेळी ‘दुर्दैवी घटना’ हे शब्द सगळ्यांच्या हाताशी तयार असतात. दोन दिवस हळहळ होते, मदत जाहीर होते आणि घाटावरचा डोंगा पुन्हा पाण्यात जातो. मला वाटतं, यात दैवाचा भाग थोडा आणि व्यवस्थेचा भाग मोठा आहे. तो नीट तपासायला हवा.

ब्रह्मपुरी परिसरात बायांच्या गटांबरोबर काम करताना वैनगंगा सतत आडवी येते. माहेर अलीकडे, सासर पलीकडे. शेत या काठाला, मजुरी त्या काठाला. नदीवर पूल नाहीत असं नाही. ब्रह्मपुरीहून वडशाला, व्याहाडहून गडचिरोलीला, खाली आष्टीला पुलावरून जाता येतं. पण दोन पुलांमधल्या गावांना वळसा पडतो, आणि तो वळसा कोणाला परवडतो? घरात मोटारसायकल असली तर ती पुरुषाच्या हाती. तो पुलावरून जातो. बाई मात्र डबा आणि विळा घेऊन घाटावर येते, कारण वळशाचं भाडं दिलं तर दिवसाच्या मजुरीत उरणार काय? मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहे. चांगली गोष्ट आहे. पण जिथे एसटी सोयीच्या वेळी येत नाही, तिथे ही सवलत कागदावरच राहते. डोंगा हीच त्या बाईची एसटी आहे. ही साधी गोष्ट शासनाने अजून मान्य केलेली नाही.

आता कोकणाकडे पाहा. दाभोळच्या खाडीत दाभोळ ते धोपावे अशी मोटारी वाहणारी फेरीबोट २००३ पासून चालते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून मोठी रो-रो बोट जाते. गोव्यात तर सरकारच्याच फेरीबोटी आहेत आणि पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही. या बोटींना पुढून उतरता फळा असतो. तो जेट्टीच्या उतारावर टेकला की गाडी सरळ आत जाते. हा उतार गाडीसाठी बांधला, पण त्याचा फायदा चाकाच्या खुर्चीला होतो, काठी टेकत येणाऱ्या म्हातारीला होतो, पोटुशी बाईलाही होतो. आमच्या घाटावर गाडी येत नाही, म्हणून उतारही नाही. तिथे चिखलातून, प्रसंगी गुडघाभर पाण्यातून, साडी सावरत चढावं लागतं. गाडीची चाकं ओली होऊ नयेत याची काळजी कुठेतरी कोणीतरी घेतली. बाईच्या पायांची कोणी घेतली नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा वाहतुकीची साधनं सर्वांना वापरता यावीत असं म्हणतो. डोंग्याला ‘वाहतुकीचं साधन’ मानलंच नाही, तर तो कायदा घाटापर्यंत पोचणार कसा?

मोठ्या बोटी म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईजवळ घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा माणसं गेली. त्यानंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींवर जीवरक्षक जॅकेट सक्तीचं झालं. त्याच वर्षी मे महिन्यात उजनी धरणाच्या पाण्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले होते. म्हणजे प्रश्न फक्त आमच्या जंगलभागाचा नाही. फरक इतकाच, की मुंबईत माणसं गेल्यावर नियम लगेच धावत येतात. वैनगंगेपर्यंत यायला त्यांना वाट सापडत नाही.

बुडण्यातही बाई आणि पुरुष यांत फरक पडतो. नदीकाठची पोरं लहानपणीच पाण्यात उड्या मारतात. पोरीला मात्र मोठी होताच पाण्यातून बाहेर बोलावलं जातं. पुढे तीच नऊवारी-सहावारी नेसून डोंग्यात बसते. डोंगा कलंडला की भिजलेलं लुगडं पायांत अडकतं. ज्यांना पोहायला शिकू दिलं नाही, त्याच नदीवर सर्वांत जास्त अवलंबून!

उपाय अवघड नाहीत. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांचाही विचार आहे, आणि त्यांच्या नोंदणीचं काम ग्रामपंचायतीपर्यंत सोपवता येतं. मग प्रत्येक डोंग्याची नोंद व्हावी, किती माणसं बसायची ते बाजूला रंगवलेलं असावं, आणि पाणी कुठवर आलं की थांबायचं ती रेघही. जितकी माणसं तितकी जॅकेटं असावीत. पण त्यांचा खर्च नावाड्याच्या माथी मारू नये. आमच्याकडचे ढिवर नावाडी बायांइतकेच गरीब आहेत. जास्त माणसं भरून नाव चालवणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण शिक्षा फक्त वल्हं मारणाऱ्याला आणि घाट बांधून देणारे मोकळे, असा न्याय नको. दोन्ही काठांना पक्का उतार आणि धरायला दोर, एवढं तरी पंचायतीने करावं.

गोसेखुर्दचं पाणी सोडताना त्याची खबर घाटावर पोचलीच पाहिजे. ऑगस्ट २०२० च्या पुरात लाडजसारख्या नदीच्या वेढ्यातल्या गावाने काय भोगलं ते आम्ही पाहिलं आहे. आणि मजुरांना बोलावणाऱ्या शेतमालकाने, मुकादमाने नेण्या-आणण्याची जबाबदारी घ्यावी. मिरची वेळेत तुटायला हवी असेल, तर ती तोडणारी सुखरूप पोचायला हवी.

‘पूल होईल, मग सगळं सुटेल,’ असं सभांमधून ऐकायला मिळतं. पूल जरूर व्हावा. पण पुलाला वर्षं लागतात, आणि पुलावर बस नसेल तर तोही गाडीवाल्यांचाच. तोवर काय? तोवरचे दिवसही जगायचेच असतात.

म्हणून येत्या ग्रामसभेत घाटाचा विषय बायांनीच मांडावा, असं मला वाटतं. रस्ता, नळ, रेशन यांच्यासाठी आपण भांडायला शिकलो. आता नदीही आपला रस्ता आहे, हे ठरावात लिहून घेऊ या. ठरावाची नक्कल तहसीलदारांकडे आणि जिल्हा परिषदेकडे पाठवू या, पोच मागून घेऊ या. सहा बायांच्या मरणानंतर निदान एवढी नोंद तरी सरकारदरबारी व्हायला हवी, की त्या मजेसाठी नाही, कामासाठी नदी ओलांडत होत्या, आणि सुखरूप पोचणं हा त्यांचा हक्क होता.