गेम बंद करा, की दोघं मिळून खेळा?

केसपेपर नवऱ्याच्या नावाचा आणि बोलते बायको, हा प्रकार आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रोजचा. विलेपार्ले पूर्वेहून आलेलं ते जोडपंही तसंच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तो ३२ वर्षांचा, विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या विभागात पाळीची नोकरी. डोकं दुखतं म्हणून आला होता. रक्तदाब १५०/९६, वजन वाढलेलं, डोळे लाल, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणं. झोप किती होते, असं विचारलं तर त्याच्याआधी तिनेच उत्तर दिलं, "चार तास, डॉक्टर. रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाइलवर गेम चालू असतो. आता तुम्हीच सांगा याला."

मी सांगितलं. अगदी डॉक्टरी अधिकाराने सांगितलं. गेम मोबाइलमधून काढून टाका, आजच, माझ्यासमोर. त्याने मान खाली घालून काढला. तिला बरं वाटलं. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील.

महिन्याने तो एकटाच आला. रक्तदाब होता तिथेच. गेम त्याच रात्री मोबाइलमध्ये परत आला होता. फरक इतकाच, की आता तो घरात न खेळता इमारतीच्या जिन्यात बसून खेळत होता. मधल्या काळात ती आठ दिवस माहेरी जाऊन आली होती. माझ्या सल्ल्याने त्याची झोप तर वाढली नाहीच, वर त्या घरात एक चोर आणि एक पोलीस तयार झाला. ही चूक माझीच होती.

पुढच्या वेळी दोघांना एकत्र, ओपीडी संपता संपता बोलावलं. तिला विचारलं, "हा नेमकं काय खेळतो, तुम्ही कधी पाहिलंय?" ती म्हणाली, "नाही. मला कधी दाखवलंच नाही." तो चकित होऊन म्हणाला, "अगं, तू कधी विचारलंच नाहीस!"

हळूहळू घर डोळ्यांसमोर आलं. एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात आई-वडील, धाकटा भाऊ आणि हे दोघं. मुंबईत असं घर काही वेगळं नाही. दुपारपाळी करून तो रात्री अकराला घरी येतो, तेव्हा सगळे आडवे झालेले असतात. कानाला हेडफोन लावला की त्याला त्या घरात स्वतःची एक खोली मिळते. तिथे मित्र असतात, हशा असतो, जिंकणं असतं. आणि या खोलीत बायकोला जागा नाही. ती बाजूला पडून त्याच्या चेहऱ्यावरचं हसू बघते, ते कशाचं हे तिला कळत नाही. तक्रार गेमची होती, पण दुखत होतं ते आपण बाहेर राहिल्याचं.

तेव्हापासून माझं मत बदललं. गेम खेळणाऱ्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या बाबतीत (हो, बायकाही भरपूर खेळतात) 'किती तास?' हा प्रश्न मी आता दुसरा विचारतो. पहिला प्रश्न असा: या खेळात तुमच्या जोडीदाराला काही जागा आहे का?

याला संशोधनाचाही थोडा आधार आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ३४९ जोडप्यांची पाहणी प्रसिद्ध केली. अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायचे, पात्र घेऊन वावरायचे जे गेम असतात, ते खेळणारी ही जोडपी. जिथे नवरा-बायको दोघंही खेळत होते, तिथल्या ७६ टक्के लोकांनी गेमचा आपल्या संसारावर चांगलाच परिणाम झाल्याचं सांगितलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, संसारातल्या असमाधानाचा संबंध खेळण्याच्या तासांपेक्षा दोन गोष्टींशी अधिक दिसला: गेमवरून होणारी भांडणं आणि एकत्र झोपायला जाण्याची मोडलेली सवय. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. ज्यांचं आधीच पटतं तेच कदाचित एकत्र खेळत असतील. पण ओपीडीत मला जे दिसतं, त्याच्याशी हे जुळतं.

दुसरा प्रयोग जरा मजेशीर आहे. आर्थर एरन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. काही जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना पट्ट्यांनी बांधले आणि दोघांच्या अंगांमध्ये उशी धरून, ती न पाडता, जमिनीवरून रांगत पलीकडे जायला सांगितलं. दुसऱ्या गटातल्या जोडप्यांना साधं, कंटाळवाणं काम दिलं. फक्त काही मिनिटांचा हा प्रकार, पण रांगणारी जोडपी नंतर आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी आढळली. नवीन, थोडंसं अवघड आणि हसू आणणारं काही दोघांनी मिळून करणं नात्याला पोषक असतं, असा त्याचा निष्कर्ष. दोघांना मिळून एक कोडं सोडवायला लावणारा गेम याहून फारसा वेगळा नसतो. २०२१ मध्ये आलेला 'इट टेक्स टू' हा गेम तर घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या जोडप्याबद्दलच आहे आणि तो एकट्याने खेळताच येत नाही.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. डावात सर्वस्व हरून शंकर रुसून निघून गेले आणि पार्वतीने भिल्लिणीचं रूप घेऊन त्यांना परत आणलं, ही कथा आपल्याकडे अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. लग्नात नवरा-नवरीला मुठीतली सुपारी सोडवायला लावतात, ताटातल्या पाण्यात अंगठी शोधायला लावतात. एकमेकांना फारसं न ओळखणाऱ्या दोघांमधला संकोच आधी खेळाने मोडावा, हे शहाणपण त्यामागे असावं.

व्हिडिओ गेमही मुळात एकलकोंडा नव्हता. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस मांडला. अगदी सुरुवातीच्या व्हिडिओ गेमपैकी हा एक. त्याचं नावच 'टेनिस फॉर टू', म्हणजे दोघांसाठी टेनिस. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे कार्ट्रिजचे गेम आले. भावंडं मांडीला मांडी लावून, ओरडत, भांडत खेळायची. पडदा तळहाताएवढा झाला, कानात हेडफोन आला आणि शेजारी बसलेलं माणूस खेळाबाहेर गेलं.

आता एक अडचणीची गोष्ट. "दोघं मिळून खेळा" हा सल्ला मी त्या जोडप्याला दिला, तेव्हा ती पटकन म्हणाली, "कधी खेळू, डॉक्टर? अकराला हा येतो. मग त्याचं जेवण वाढायचं, मागचं आवरायचं, सकाळचा डबा, साडेपाचला पाणी." मी गप्प झालो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार भारतात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे खेळात भागीदार हवी असेल, तर आधी कामात भागीदार व्हायला हवं. ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोला 'ये ना, एक डाव खेळू' म्हणणं हे निमंत्रण नव्हे, ती थट्टा आहे. भांडी दोघांनी आवरली तर वीस मिनिटं मोकळी होतात. तीच खेळाची वीस मिनिटं.

स्वतःचंही सांगतो. २०२० च्या उन्हाळ्यात कोविड ड्युटीमुळे मला काही आठवडे घरी जाता येत नव्हतं. मी रुग्णालयाने दिलेल्या खोलीत, पत्नी पार्ल्यातल्या घरी. फोनवर रोज बोलायचो, पण बोलायचं काय? दिवसभरात वॉर्डात जे पाहिलं ते सांगवत नसे आणि ती विचारायला घाबरायची. मुलीने दोघांच्या मोबाइलमध्ये लुडो किंग टाकून दिला. नवी मुंबईतल्या कंपनीचा हा गेम टाळेबंदीत घरोघरी पोचला होता. रात्री दहाला आम्ही एक डाव खेळायचो. "अहो, किती वेळ विचार करताय, सोंगटी हलवा!" एवढंच बोलणं. पण समोरची सोंगटी हलली की माणूस पलीकडे आहे, बरं आहे, हे कळायचं. तोपर्यंत मी मोबाइल गेमला वेळ वाया घालवण्याचं साधन समजत होतो. त्या दिवसांत मला झोप लागायची ती त्या एका डावानंतर.

म्हणून गेम हे औषध आहे, असं मी म्हणणार नाही. काही पथ्यं मात्र सांगतो.

झोपेची वेळ आधी ठरवा, खेळाची नंतर. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. झोपेआधीचा तासभर चुरशीचा सामना नको. पडद्याच्या उजेडाइतकीच मनाची उत्तेजना झोप लांबवते. अपुरी झोप रक्तदाब आणि साखर दोन्ही बिघडवते, आणि गेम एकट्याने खेळला की दोघांनी, याच्याशी शरीराला देणंघेणं नसतं. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात, म्हणून दर वीस मिनिटांनी नजर दूर न्या. अंगठा किंवा मान दुखू लागली तर खेळ थांबवा. 'आणखी एक डाव' म्हणू नका.

जोडीदाराला खेळ आवडलाच पाहिजे, असा हट्ट धरू नका. शेजारी बसून बघणं, 'आज काय झालं?' विचारणं हेही वाटून घेणंच आहे. नवख्या माणसाला हरवून हसू नका. शक्यतो एकाच बाजूने खेळायचा गेम निवडा. आणि मित्रांबरोबरचा एखादा डाव त्याचा किंवा तिचा स्वतःचा राहू द्या. नात्यात दोघांचं सगळंच एक असावं लागत नाही.

पैसे लावायचा खेळ मात्र दोघांनीही खेळू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण चोरवाटा असतात, आणि बुडतो तो घराचा हप्ता.

शेवटची गोष्ट आजाराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेम महत्त्वाचा होणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, ही त्याची लक्षणं. ती साधारण वर्षभर टिकून नोकरी, शिक्षण किंवा घर विस्कटत असेल, तर तो आजार. तिथे जोडीने खेळून काही होणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. पण रात्री गेम खेळणारा प्रत्येक नवरा व्यसनी नसतो. बहुतेक वेळा तो थकलेला, जागा शोधणारा माणूस असतो.

ते जोडपं अजून येतं. त्याचा रक्तदाब आता १३०/८४ आहे. त्याचं श्रेय आधी गोळीला, मग सहा-साडेसहा तासांच्या झोपेला. मित्रांबरोबरचा गेम आता फक्त सुट्टीच्या आदल्या रात्री. रोज जेवणानंतर भांडी तो घासतो आणि मग दोघं एका मोबाइलवर अर्धा तास गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतात. परवा तिने नवीनच तक्रार केली, "डॉक्टर, हरला की तोंड पाडून बसतो हा." मी औषध लिहून दिलं नाही.