फलकावर एक नाव कमी आहे



आपल्या शाळेच्या कार्यालयाबाहेर काचेचे एक कपाट आहे. त्यात ढाली आहेत, करंडक आहेत, रंग उडालेले काही गटफोटो आहेत. प्रत्येक ढालीखाली वर्ष, खेळ आणि संघनायकाचे नाव लिहिलेले आहे. तालुक्याला जिंकलेली खो-खोची ढाल आहे, जिल्ह्याला मिळालेला कबड्डीचा करंडक आहे. संमेलनाच्या आदल्या दिवशी कपाट पुसले जाते आणि पाहुण्यांना ते आवर्जून दाखवले जाते.

काही महिन्यांपूर्वी आपल्या शाळेचे निवृत्त क्रीडाशिक्षक गेले. सकाळच्या प्रार्थनेनंतर सर्वांनी दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली. मग त्यांच्याविषयी चार शब्द या अंकात द्यावेत म्हणून आम्ही माहिती जमवायला बसलो, तेव्हा सर शाळेत कोणत्या वर्षी रुजू झाले, त्यांच्या हाताखाली किती संघ जिल्ह्यापर्यंत गेले, हे पटकन कुणालाच सांगता येईना. कपाटातल्या सगळ्या ढाली आम्ही वाचल्या. ज्यांनी उन्हातान्हात उभे राहून ती मुले तयार केली, त्यांचे नाव एकाही ढालीवर नव्हते. गटफोटोत मात्र ते होते. डाव्या टोकाला, गळ्यात शिट्टी अडकवून, थोडे मागे सरकून.

ही गोष्ट मनाला लागली. पण आपल्याच शाळेला दोष देऊन आम्ही थांबणार नाही. खेळाडूला डोक्यावर घ्यायचे आणि त्याला घडवणाऱ्याला विसरायचे, ही सवय फार जुनी आहे. तिचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारीच, निपाणीहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या कोल्हापुरात घडलेले आहे.

खाशाबा जाधवांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकून आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हमखास येतो आणि आपली मुले त्याचे उत्तर बरोबर लिहितात. पण खाशाबा हेलसिंकीला कुणाच्या पैशांनी गेले, हा प्रश्न कुठल्याच परीक्षेत येत नाही.

खाशाबांचे पहिले वस्ताद त्यांचे वडील दादासाहेब. कराडच्या टिळक हायस्कुलातले शिक्षण संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. अंगाने ते बेताचेच होते. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तेव्हा त्यांची चण पाहून एका शिक्षकाने त्यांना परत पाठवले, असे सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी त्यांना उतरण्याची परवानगी दिली आणि या मुलाने आपल्याहून थोराड गड्यांना लोळवले.

१९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. लाल मातीत वाढलेल्या गड्याला गादीवरची कुस्ती नवी होती, तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली, तेव्हा पैशांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. गावाने वर्गणी काढली, ओळखीच्यांनी हात दिला, तरी रक्कम पुरेना. त्या वेळी खर्डेकर सरांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७,००० रुपये उभे केले.

पालकहो, क्षणभर याचा विचार करा. मुलगा रक्ताचा नाही, नात्याचा नाही. तो पदक आणेलच याची शाश्वती नाही. स्वतंत्र भारतातल्या कुणीही तोवर असे पदक आणलेले नव्हते. एका शिक्षकाने केवळ विद्यार्थ्यावरच्या विश्वासापोटी डोक्यावरचे छप्पर पणाला लावले. २३ जुलै १९५२ रोजी पदक मिळाले. खाशाबा परतले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे आपण कौतुकाने सांगतो. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशांतून सरांचे घर सोडवून दिले, असेही सांगितले जाते. हा भाग सांगणारे मात्र कमी भेटतात. आज वेंगुर्ल्याच्या कॉलेजला आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बॅ. खर्डेकरांचे नाव आहे. पण त्या ग्रंथालयात बसून अभ्यास करणाऱ्या किती मुलांना त्या गहाण घराची गोष्ट ठाऊक असेल?

हेलसिंकीची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते, तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता, पण तो मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. त्या लढतीविषयी नेहमी असेच सांगितले जाते. दमलेले खाशाबा उभे राहिले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळाले, मामादबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य.

क्रीडाशिक्षक कशासाठी असतो, याचे उत्तर या प्रसंगात आहे असे आम्हाला वाटते. डाव शिकवणे हे त्याचे काम आहेच. पण खेळाडू दमलेला असताना, परक्या मैदानावर गोंधळलेला असताना, ‘थांबा, या मुलाला विश्रांती मिळालीच पाहिजे’ असे ठणकावून सांगणारा माणूस म्हणजे त्याचा सर. ज्याच्या मागे असा माणूस नसतो, तो कितीही गुणी असला तरी एकटा पडतो.

आता आपल्या मातीतले उदाहरण घेऊ. चिकोडी भागातले एकसंबा आपल्याला परके नाही. तिथले श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत घडले आणि १९५९ साली पंजाबच्या बंतासिंगला हरवून देशाचे पहिले हिंदकेसरी झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत त्यांचे गाव म्हैसूर राज्यात गेले, तालीम मात्र कोल्हापुरातच राहिली. लाल मातीने त्यांना कधी राज्य विचारले नाही. गदा मिळाल्यावर ते तालमीपासून दूर गेले नाहीत. पुढच्या काळात त्यांनी नव्या पैलवानांना वाट दाखवली आणि सीमेच्या दोन्ही बाजूंची पोरे त्यांना वस्ताद म्हणून मान देत राहिली. १४ डिसेंबर २०२० रोजी ते गेले. वृत्तपत्रांनी त्यांच्या गदेविषयी भरभरून लिहिले, ते योग्यच होते. पण शाहूपुरी तालमीत पहाटे चारला उठवून त्यांच्याकडून जोर-बैठका काढून घेणाऱ्या वस्तादांची नावे आज आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

सरकारचाही हिशेब असाच आहे. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार यायला १९८५ साल उजाडले. गुरूची आठवण व्हायला देशाला २४ वर्षे लागली. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. मूळचे मालवणचे रमाकांत आचरेकर सर यांना तो मान १९९० साली मिळाला. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून सचिनला खेळायला लावणारे सर घराघरांत पोहोचले, कारण त्यांच्या शिष्याने जिथे संधी मिळाली तिथे त्यांचे नाव घेतले. शिष्य बोलला म्हणून गुरू आठवणीत राहिला. जे शिष्य बोलत नाहीत, त्यांच्या गुरूंचे काय?

अलीकडचे उदाहरणही जवळचेच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला ७२ वर्षे लागली. पदकानंतर स्वप्नीलने आपल्या प्रशिक्षिका दीपाली देशपांडे यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आणि त्यांना आईच्या जागी मानले. देशपांडे मॅडम स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. पुढे त्यांनाही द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. स्वप्नीलचे हे वागणे आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे असे आहे.

यावर काही जण म्हणतील, शिक्षकाला पगार मिळतो, मग त्याच्या नावाची पाटी कशाला? पगार शाळेच्या वेळेचा असतो. सकाळी साडेपाचला मैदानावर येऊन चुन्याच्या रेषा मारण्याचा, हरलेल्या मुलीला एस.टी.त शेजारी बसवून घरापर्यंत पोहोचवण्याचा, बूट नसलेल्या पोराला स्वतःच्या खिशातून बूट घेऊन देण्याचा पगार कुठल्याच पत्रकात नसतो. आणखी काही जण म्हणतील, जुने सर फार कडक होते, हात उगारायचे. हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. मुलांना मारणे आज कायद्याने मना आहे आणि ते योग्यच आहे. आठवण ठेवणे म्हणजे देव्हाऱ्यात बसवणे नव्हे. माणूस जसा होता तसा आठवावा, आणि त्याने जे दिले त्याची नोंद ठेवावी.

मग आपण काय करावे? आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, कपाटाशेजारी एक फलक लावावा. शाळेच्या स्थापनेपासूनच्या क्रीडाशिक्षकांची नावे आणि त्यांच्या सेवेची वर्षे त्यावर लिहावीत. जुनी हजेरीपत्रके आणि सेवापुस्तके चाळली तर ही यादी तयार होईल. उशीर केला तर ज्यांना आठवते ती माणसेही राहणार नाहीत.

दुसरी सूचना माजी विद्यार्थ्यांसाठी. ज्या सरांनी किंवा बाईंनी तुम्हाला मैदानावर उभे केले, त्यांच्याविषयी एक पानभर लिहून पाठवा. भाषा कशी आहे याची चिंता नको. आम्ही ती पाने शाळेच्या दप्तरात जपून ठेवू आणि निवडक या अंकात छापू.

तिसरी पालक आणि शिक्षकांसाठी. एस.एस.एल.सी. जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. मार्कांची काळजी आम्हालाही कळते. पण खेळाचा तास दरवर्षी हिसकावून घ्यायचा आणि क्रीडाशिक्षकाच्या निधनानंतर दोन मिनिटे उभे राहायचे, ही श्रद्धांजली नव्हे. आठवड्यातले ते दोन तास राखले, तर सरांना अधिक आवडेल.

चौथी सूचना विश्वस्तांना, नम्रपणे पण स्पष्टपणे. सर निवृत्त झाल्यापासून त्यांची जागा भरलेली नाही. मराठी शाळांची पटसंख्या, अनुदान, मान्यता यांच्या अडचणी आम्ही जाणतो. सीमाभागात शाळा चालवणे सोपे राहिलेले नाही. तरीही माजी खेळाडूंपैकी कुणाला मानधनावर नेमता येईल. मैदानाच्या कडेला नव्या खोल्या बांधण्याचा विचार चालू आहे, तोही मैदान शाबूत ठेवूनच व्हावा. मैदान गेले तर फलकावर पुढे लिहायला नावच उरणार नाही.

खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवले. आपल्याकडे तेवढे कुणी मागत नाही. एक फलक, दोन तास, एक माणूस आणि आहे तेवढे मैदान, इतकेच मागणे आहे.

आमच्या सरांचे नाव आम्ही या लेखात मुद्दामच लिहिलेले नाही. ते पहिल्यांदा फलकावर वाचायला मिळावे, अशी आमची इच्छा आहे. पुढच्या संमेलनाला पाहुण्यांना कपाट दाखवताना एखाद्या विद्यार्थ्याने त्या नावावर बोट ठेवून सांगावे, ‘हे आमचे पी.टी.चे सर.’