सेल्सफोर्सचा शेअर दहा वर्षं ठेवावा का?

आयटीतली आपली मुलं हा प्रश्न विचारतात. उत्तर कंपनीच्या कमाईच्या पद्धतीत आहे. १९९९ साली सुरू झालेली ही अमेरिकन कंपनी ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर भाड्याने देते, तेही माणशी. जितके कर्मचारी, तितकं भाडं. २०२२ च्या आर्थिक वर्षात उत्पन्न २५ टक्के वाढलं, २०२५ मध्ये साधारण ९ टक्केच. २०२४ मध्ये पहिला लाभांश जाहीर झाला. हे वयात आलेल्या कंपनीचं लक्षण. उद्या एआयमुळे दहा जणांचं काम पाचजण करू लागले, तर भाडंही निम्मं! म्हणून कंपनीने ‘एजंटफोर्स’ आणलं, सुरुवातीचा दर एका संभाषणामागे २ डॉलर. ही नवी कमाई जुनी घट भरून काढते का, ते दर तिमाहीला पाहा. नुसत्या नावावर पैसे लावू नका.