शोक आणि रसिकता

धाकट्या भावाच्या निधनास तीन महिने झाले असतील. दिल्लीत मंडी हाउसजवळच्या कमानी सभागृहातून गायन ऐकून मी बाहेर पडत होतो, तोच एका परिचित गृहस्थांनी विचारले, ‘‘इतक्यात मैफलींना येऊ लागलात?’’ प्रश्नात दुष्टावा नव्हता, रूढी होती. म्हणूनच तिचा विचार करावासा वाटतो.

१९११ साली मुंबईत ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली, तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. त्यांच्या या निष्ठेचे आपण आजही गौरवाने स्मरण करतो. मग प्रेक्षागृहात बसलेल्या शोकाकुल माणसाला जाब का विचारावा? कलावंताने दुःख गिळून गाणे हे कर्तव्य आणि रसिकाने दुःखासह ऐकणे हा मात्र अपराध, हा न्याय मला पटत नाही.

भरताने आठ रसांत करुणाला स्थान दिले व शोक हाच त्याचा स्थायिभाव मानला. शोकाला रंगमंदिराचे दार आपल्या परंपरेने कधी बंद केलेले नाही.

आम्हां भावंडांना गाण्यानाटकाची गोडी एकत्रच लागली. आता विलंबित ख्याल रंगू लागला की नजर नकळत शेजारच्या खुर्चीकडे वळते. समेला मान डोलते आणि डोळेही भरून येतात. त्या घटकेचा आनंद खरा असतो, तरी दुःख उणावत नाही. त्याला प्रिय असलेले ऐकत राहणे, हीही त्याची सोबतच आहे. तिला कुणी विस्मरण म्हणू नये.