दोष गुरूचा कीं चालकांचा?

वर्गाचा निकाल खालावला कीं मास्तर नालायक. संघ हरला कीं प्रशिक्षक नालायक! हा न्याय आम्हांस उतावळेपणाचा वाटतो. अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या बास्केटबॉल संघाचेंच पहा. ब्रेट ब्राऊन २०१३ सालीं त्याचे प्रशिक्षक झाले. चालकांनीं जाणते खेळाडू दूर करून कोवळीं पोरें त्यांच्या हातीं दिलीं. कारण तेथें तळच्या संघास नव्या खेळाडूंच्या निवडींत अग्रक्रमाची संधि अधिक. परिणामीं पहिल्या तीन मोसमांत ८२ सामन्यांपैकीं अनुक्रमें १९, १८ आणि १० विजय! पुढें एम्बीड व सिमन्स एकत्र खेळूं लागतांच, २०१७-१८ मध्यें, त्याच गुरूच्या हाताखालीं ५२ विजय मिळाले. मग आधींच्या अपयशाचें खापर एकट्या त्याच्या माथीं कां फोडावें?

तथापि गुरु सर्वथा निर्दोष, असेंही आमचें म्हणणें नाहीं. २०२० सालीं सिमन्स जायबंदी होता खरा. परंतु बोस्टनकडून चारही सामने गमावणारा संघ आतां पोरसवदा राहिला नव्हता. ब्राऊन यांस निरोप मिळाला. माती मळण्यापूर्वींच घडा मागणें हा कुंभारावर अन्याय होय. माती आणि अवधि दोन्ही दिल्यावर घडा गळला, तर मात्र जाब विचारणें रास्तच.