रानातली कुटी

जुहूच्या दोन खोल्यांत चिंतन होत नाही, हे माझे जुनेच रडगाणे. १९४४ साली कारावासातून सुटल्यावर गांधीजी विश्रांतीला आले ते जुहूलाच. आता विश्रांतीसाठी आम्ही जुहू सोडायचे! यंदा मेव्हण्याने कर्जतजवळ जमिनीचा कोपरा देऊ केला आणि मी कुटीचा आराखडा मांडला.

नमुना अर्थात सेवाग्रामचा. १९३६ साली तिथे पहिले घर बांधताना गांधीजींची अट होती : खर्च १०० रुपयांच्या आत, सामान आणि कारागीर जवळपासचेच. बांबू, माती, वर कौले. (खर्च शंभरात मावला नाही. घर बांधणाऱ्याला तेवढाच धीर!) मीराबेनच्या कुटीत तर भिंतीवर मातीचेच ताड उठवलेले. कर्जतच्या पावसाला मात्र जोते उंच आणि वळचण रुंद हवी, नाहीतर मातीची भिंत पागोळ्यांनीच खचायची.

दहा बाय बारा, एक खिडकी, एक बैठक. सौ.ने कागद पाहिला. "अहो, आणि मी कुठे बसायचं?"

मी गप्प. सेवाग्रामच्या त्या घरातही सारे एकाच दालनात राहत. कस्तुरबांची कुचंबणा जमनालाल बजाजांनी ओळखली आणि बा-कुटी निराळी बांधवली. मला कॉलेजात कोपऱ्यातली एक खुर्ची तरी आहे. हिला वीस वर्षांत ओट्याखेरीज जागा नाही. जमीनही तिच्याच माहेरची.

मेव्हणा कळवतो, जागा एकाच खोलीपुरती आहे. आराखड्यावर मी तिचे नाव घातले आहे. तूर्त पेन्सिलीने.